उत्तरभागाचे ऋण

एखाद्या लोकप्रिय कलाकृतीचा उत्तरभाग निघाला म्हणजे तिच्या चाहत्यांत दोन पक्ष पडावयाचेच. ही गोष्ट चित्रपटाच्या जन्माच्या कितीतरी आधीपासून चालत आली आहे. सर्व्हांटेसच्या 'डॉन किहोते'चा पहिला भाग १६०५ साली निघाला. त्याचा दुसरा भाग लेखकाच्या हातून उतरण्यापूर्वीच, १६१४ मध्ये, आव्हेयानेदा या टोपणनावाने भलत्याच कुणी त्याचा उत्तरभाग छापून टाकला. आणि १६१५ च्या आपल्या खऱ्या उत्तरभागात सर्व्हांटेसला त्या तोतयाचा समाचार घ्यावा लागला. कॉनन डॉईलने १८९३ साली शेरलॉक होम्सला मृत्यूच्या दारी धाडले. वाचकांनी दहा वर्षांच्या आत त्याला जिवंत करावयास लावले. अगदी अलीकडे, डिसेंबर २०१७ मध्ये, 'द लास्ट जेडाय' हा अमेरिकन विज्ञानपट पडद्यावर आला तेव्हा तर काही चाहत्यांनी हा भाग मूळ कथामालेतून रद्दच करावा, असा अर्ज फिरविला. ज्या नायकाकडे ते शौर्याचा पुतळा म्हणून पाहत आले, तो या भागात खचलेला, स्वतःच्या कीर्तीला विटलेला एकांतवासी म्हणून भेटला, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. उलट, त्याच गोष्टीत दुसऱ्या पक्षाला त्या मालिकेचे पहिले प्रौढ पाऊल दिसले.

साहित्यसंस्थेच्या नियतकालिकाने असल्या वादांत शिरावे काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात उभा राहील. आमचे उत्तर असे की, आज वर्गात काव्यशास्त्र शिकताना जांभया देणारा विद्यार्थी चित्रपटगृहाबाहेर पडताच औचित्याविषयी, पात्राच्या सुसंगतीविषयी, शेवटाच्या अपरिहार्यतेविषयी तावातावाने बोलू लागतो. त्याच्यापाशी परिभाषा नसते, पण प्रश्न तेच असतात. हे प्रश्न तो कसे सोडवितो याची शिक्षकांनी दखल घेऊ नये, असे आम्हांस वाटत नाही.

ज्या वादाच्या निमित्ताने हे लिहीत आहोत तो शंकर या तमिळ दिग्दर्शकाच्या दोन चित्रपटांविषयीचा आहे. पहिला 'एन्दिरन', हिंदीत 'रोबोट', १ ऑक्टोबर २०१० रोजी प्रदर्शित झाला. त्याचा उत्तरभाग '२.०' हा २९ नोव्हेंबर २०१८ रोजी. दोहोंचा नायक रजनीकांत. बंगलोरच्या मराठी कुटुंबात १२ डिसेंबर १९५० रोजी जन्मलेले शिवाजीराव गायकवाड ते हेच, ही गोष्ट बृहन्महाराष्ट्रातील मराठी माणूस मोठ्या अभिमानाने सांगतो. तो अभिमान स्वाभाविक आहे. समीक्षेत मात्र त्याचा काही उपयोग नाही. उलट, काही मराठी मंडळींनी '२.०'ची जी भलामण केली तीत चित्रपटापेक्षा आडनावाचाच वाटा मोठा होता, असा आमचा संशय आहे.

आम्ही ज्या गौतमपुऱ्यात बसून हे लिहितो, ते इंदूर जिल्ह्यातील गाव थोरल्या मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावाने वसलेले. गावाची बाहेरची कीर्ती एकाच गोष्टीसाठी आहे. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी, कार्तिक शुद्ध प्रतिपदेला, येथे हिंगोटांचे युद्ध होते. हिंगणबेटाचे कठीण कवचाचे फळ पोखरून वाळवावयाचे, त्यात दारू ठासावयाची, बांबूची काडी बांधावयाची आणि पेटवून प्रतिपक्षावर सोडावयाचे. एका बाजूस गौतमपुऱ्याचा पक्ष, दुसऱ्या बाजूस रुणजीचा. पक्षांची नावे तुर्रा आणि कलगी. मराठी वाचकाला ही नावे ऐकताच आपल्या शाहिरांचे फड आठवतील. कलगीवाले शक्तीला थोर मानणारे, तुरेवाले शिवाला. डफावर थाप मारून एकाने भेदिक सवाल टाकावयाचा आणि दुसऱ्याने त्याचा जबाब बांधावयाचा. माळव्या-राजस्थानाकडील परंपरा या दोन पंथांचे मूळ चंदेरीच्या दरबारात, तुकनगीर आणि शाहअली या दोन साधूंच्या वादात सांगते. म्हणजे एकाच नावांचे दोन वाद आपल्याकडे आहेत. एकात प्रतिपक्षाचा सवाल नीट ऐकल्याखेरीज पुढे सरकताच येत नाही. दुसऱ्यात ढालीआडून पेटते फळ फेकावयाचे आणि अंधार पडला की घरी यावयाचे. हिंगोटाच्या युद्धात कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही, असे येथे सांगतात. '२.०'विषयीचे वाद ऐकताना आम्हांस या दुसऱ्या प्रकाराची आठवण वारंवार होत असे. म्हणून तोच वाद पहिल्या प्रकाराने मांडता येतो काय, हे पाहण्याचा आमचा विचार आहे.

'२.०' नापसंत असणाऱ्यांचा सवाल थोडक्यात असा : पहिल्या चित्रपटाचा प्राण होता तो यंत्राच्या अंतःकरणात उपजलेल्या भावनेचा, उत्तरभागाने तो प्राण काढून घेतला आणि नुसते यंत्र ठेवले. चाहत्यांचा प्रतिसवाल असा : पहिला चित्रपट अखेर एका स्त्रीसाठी चाललेली ओढाताण होता, उत्तरभागाने त्याच यंत्राला सृष्टीच्या, पाखरांच्या, मानवी उन्मादाच्या मोठ्या प्रश्नापुढे नेऊन उभे केले. दोन्ही सवाल दमदार आहेत. खेदाची गोष्ट एवढीच की, पहिला पक्ष दुसऱ्याला 'फटाक्यांना भुललेले' म्हणतो, दुसरा पहिल्याला 'रडके' म्हणतो, आणि सवाल तेथेच राहतो.

प्रथम पूर्वभागाकडे वळू. तो निर्दोष नाही. त्यातील गाणी कथेच्या अंगावर बाहेरून डकविल्यासारखी आहेत, आणि डासांशी यंत्रमानव वाटाघाटी करतो तो प्रसंग प्रहसनाच्याही खालच्या पायरीवर उतरतो. परंतु कथेच्या मध्यभागी एक प्रसंग आहे, त्याने सारा चित्रपट तोलून धरला आहे. आग लागलेल्या इमारतीतून चिट्टी हा यंत्रमानव माणसांना वाचवितो. न्हाणीघरात अडकलेल्या एका मुलीला तो तशीच, विवस्त्र, सर्वांसमक्ष बाहेर आणतो. त्याच्या हिशेबी एक जीव वाचला. लोकांच्या नजरांनी आणि कॅमेऱ्यांनी घेरलेली ती मुलगी मात्र लज्जेने धावत सुटते आणि वाहनाखाली सापडून मरते. यंत्राने चूक काहीच केलेली नसते. त्याला लज्जा म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. या एका घटनेतून शास्त्रज्ञ वसीकरनला कळते की भावनेवाचून बुद्धी माणसांत वावरू शकत नाही. तो चिट्टीला भावना देतो, आणि भावना आली म्हणजे तिच्यामागोमाग प्रेम, मत्सर व अवज्ञा आलीच. शास्त्रज्ञाची वाग्दत्त वधू सना हिच्यावरच यंत्राचे मन बसते. येथवर कथेची प्रत्येक पायरी आधीच्या पायरीतून निघाली आहे. पुढे तांबड्या चिपेमुळे चिट्टी खलपुरुष होतो, आपल्याच शेकडो प्रती घडवितो, त्या प्रतींचे गोळे आणि सर्प बनतात. हा भाग दृष्टीला दिपविणारा, पण मनाला थोडा थकविणारा आहे.

मग शेवट येतो. न्यायालय चिट्टीला मोडून टाकण्याची आज्ञा करते, आणि तो स्वतःच्या हाताने स्वतःचे अवयव एकेक करून सुटे करतो. निरोप घेत, क्षमा मागत. पुढे २०३० सालच्या वस्तुसंग्रहालयात त्याचे सुटे शिर ठेवलेले दिसते. याला का मोडले, असे सहलीला आलेली एक विद्यार्थिनी विचारते. ते शिर जे उत्तर देते त्याचा आशय असा की, आपण विचार करू लागलो, म्हणून. व्यापारी चित्रपटात इतका निर्भय शेवट क्वचितच सापडेल. चिट्टीच्या हातून अनर्थ घडला खरा. पण समाजाने त्याला मोडले ते अनर्थाबद्दल की विचाराबद्दल, हा प्रश्न प्रेक्षक बरोबर घेऊन जातो. या चित्रपटाच्या संवादलेखकांत सुजाता या नावाने लिहिणारे एस. रंगराजन होते. ते व्यवसायाने अभियंते. आपल्याकडील मतदानयंत्राच्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. तमिळ विज्ञानकथेला घरोघर नेण्याचे श्रेय त्यांचे. चित्रपट पुरा होण्यापूर्वीच, फेब्रुवारी २००८ मध्ये, ते निवर्तले. यंत्रकुत्र्याच्या 'एन इनिय इयन्दिरा' या आपल्या कादंबरीचा 'मीण्डुम जीनो' हा उत्तरभाग त्यांनी स्वतःच लिहिला होता. '२.०'च्या वेळी ते नव्हते, ही उणीव केवळ भावनेची नव्हे.

आता उत्तरभाग म्हणजे काय, याचा थोडा विचार करणे अवश्य आहे. आणि तो करताना आपल्याला परदेशी जाण्याचे कारण नाही. आपल्या विदर्भातील पद्मपूरच्या भवभूतीने 'महावीरचरित' लिहिले आणि पुढे 'उत्तररामचरित' लिहिले. त्याच्या तिन्ही नाटकांचे प्रयोग कालप्रियनाथाच्या यात्रेत झाल्याचे त्यांच्या प्रस्तावनांत म्हटले आहे. हा कालप्रियनाथ म्हणजे आमच्या शेजारच्या उज्जैनचा महाकाल, असे काही पंडित मानतात. काही त्याला काल्पीस नेतात. असो. पहिल्या नाटकात रामाचा पराक्रम आहे, रावणाचा वध आहे, राज्याभिषेक आहे. कथा संपली. पण कथा संपली तरी एक देणे राहिले होते. ज्या स्त्रीसाठी हा पराक्रम झाला तिचे काय, आणि राजा झालेल्या त्या वीराच्या अंतःकरणाचे काय? उत्तरभाग हे देणे फेडावयास बसतो. त्याच्या पहिल्याच अंकात राम, सीता आणि लक्ष्मण आपल्याच गतायुष्याची चित्रे पाहत आहेत. प्रसंग तेच, पूर्वभागात प्रेक्षकाने पाहिलेले. पण आता ते भिंतीवर आहेत, आणि ते पाहणाऱ्यांच्या डोक्यावर वियोगाची तलवार लोंबत आहे. जुन्या प्रसंगांचे पुनर्दर्शन घडते, आणि त्या पुनर्दर्शनानेच त्यांचा अर्थ पालटतो. पुढे तर भवभूतीने वाल्मीकीचा शेवटही बदलला. सीतेला भूमीच्या पोटात जाऊ दिले नाही. नाटकातल्या नाटकाच्या आधाराने रामाला त्याची सीता परत दिली. आजच्या भाषेत बोलावयाचे तर हा कवी मूळ कथेशी प्रतारणा करणारा ठरेल. त्याच्या काळीही निंदक होतेच. 'मालतीमाधवा'च्या प्रस्तावनेत त्याने त्यांना दिलेले उत्तर प्रसिद्धच आहे.

यावरून आम्ही एक कसोटी घेतो. उत्तरभागाने पूर्वभागातील पात्रे जपली की बदलली, शेवट राखला की मोडला, हे दुय्यम. पूर्वभागाने जो प्रश्न उघडा टाकला त्याचे ऋण उत्तरभागाने ओळखले काय, हे मुख्य. या कसोटीवर 'द लास्ट जेडाय'ला आम्ही झुकते माप देऊ. नायकाचा पुतळा फोडून त्याने कीर्तीचे ओझे हा प्रश्न निदान हाती तरी घेतला. मराठीतही 'कोसला'नंतर (१९६३) नेमाड्यांकडून दुसऱ्या पांडुरंग सांगवीकराची वाट पाहणाऱ्या वाचकांना 'बिढार'मध्ये (१९७५) चांगदेव पाटील भेटला तेव्हा कित्येकांचा हिरमोड झाला होता. 'बिढार' हा रूढ अर्थाने उत्तरभाग नव्हे. तरी पहिल्या पुस्तकाची चव पुन्हा मिळावी, ही वाचकाची भूक तीच होती. आणि ती भूक भागविणे हे लेखकाचे कर्तव्य नव्हते.

या कसोटीने '२.०'कडे पाहू. शहरातल्या लोकांच्या हातांतून मोबाइल उडून जातात. त्यांचे थवे जमतात, त्यांतून एक अवाढव्य पक्षी आकारास येतो, आणि तो मोबाइलच्या धंद्यातील माणसे टिपून मारू लागतो. त्याच्याशी लढावयास मोडलेला चिट्टी पुन्हा जोडला जातो. पक्ष्याच्या मुळाशी आहे पक्षीराजन हा वृद्ध पक्षिशास्त्रज्ञ. मनोऱ्यांच्या किरणोत्साराने आपली पाखरे मरतात हे तो सरकारदरबारी, व्यापाऱ्यांपाशी, न्यायालयात सांगून थकला. कुणी ऐकले नाही. अखेर मोबाइलच्या मनोऱ्यालाच गळफास लावून त्याने जीव दिला. त्याचा आत्मा, किंवा चित्रपटाच्या शब्दांत त्याचे तेजोवलय, हा त्या महापक्ष्याचा प्राण. ही व्यक्तिरेखा सलीम अली यांच्यावरून सुचल्याचे प्रदर्शनाच्या वेळी बोलले गेले. अक्षय कुमारने ती केली आहे, आणि आम्ही निःशंकपणे म्हणू की पक्षीराजनच्या गतायुष्याचा तो भाग दोन्ही चित्रपटांतील सर्वांत हृद्य भाग आहे. ज्या वाचकांनी मारुती चितमपल्लींचे 'पक्षी जाय दिगंतरा' वाचले आहे, त्यांना पाखरांत रमलेल्या माणसाचा एकटेपणा नवा नाही. तो एकटेपणा पडद्यावर पाहताना प्रेक्षागृहात शांतता पसरते. संवादलेखन या खेपेस जयमोहन यांचे, म्हणजे 'विष्णुपुरम'सारखी कादंबरी लिहिणाऱ्या साहित्यिकाचे आहे. या भागाला जी घनता आली आहे तीत त्यांचा हात असावा असा आमचा तर्क आहे.

परंतु हाच भाग चित्रपटाची खोच उघडी पाडतो. पक्षीराजनची शोकांतिका चिट्टीच्या कथेतून निघालेली नाही, आणि तिला चिट्टीची गरजही नाही. विचार करू लागला म्हणून मोडलेला यंत्रमानव पुन्हा उठला, तर त्याने प्रथम काय विचारावे? मला का मोडले, आणि आता का जोडले? माणसांना माझा विचार नको, माझे बाहू तेवढे हवेत काय? आठ वर्षे वाट पाहणाऱ्या प्रेक्षकाने हा प्रश्न मनाशी धरला असेल तर तो चुकीचा नव्हता. '२.०'मधील चिट्टी हे विचारीत नाही. तो हुकुमाचा ताबेदार आहे, चपळ आहे, विनोदी आहे. पूर्वभागात जिच्यामुळे त्याला हृदय लाभले ती सना येथे दूरध्वनीवरील आवाजापुरती उरली आहे, आणि तिच्या जागी नीला ही यंत्रकन्या आली आहे. यंत्राने यंत्रावर प्रेम केले तर कुणाचे काय बिघडते? पूर्वभागात बिघडत होते, म्हणून तर कथा होती.

तांबड्या चिपेचा चिट्टी पुन्हा अवतरतो तेव्हा प्रेक्षक शिट्ट्यांनी थिएटर डोक्यावर घेतात. येथे पुनर्दर्शन आहे. पण भवभूतीच्या चित्रांकातले नव्हे. जुना प्रसंग नव्या प्रकाशात दिसत नाही, जुनाच पुन्हा दिसतो, अधिक मोठा आणि अधिक जवळून. चित्रपट तीन मितींत चित्रित झाला असल्यामुळे तो अंगावरही येतो. मर्ढेकरांनी लयतत्त्वांत संवाद, विरोध आणि समतोल यांची गणना केली. येथे पूर्वभागाशी संवाद आहे, पण विरोध नाही, आणि म्हणून समतोलाचा प्रश्नच उद्भवत नाही. तेव्हा पहिल्या पक्षाचा सवाल आम्ही मान्य करतो. मात्र त्यांच्या कारणासाठी नव्हे. चिट्टी बदलला म्हणून आमची तक्रार नाही. तो पुरेसा बदलला नाही, अशी आहे.

दुसऱ्या पक्षाच्या सवालाला जबाब देणे अधिक कठीण, कारण त्यात विज्ञानाचा प्रश्न गुंतला आहे. प्रदर्शनाच्या तोंडावर मोबाइल कंपन्यांच्या अखिल भारतीय संघटनेने चित्रपट प्रमाणन मंडळाकडे तक्रार केली की, मोबाइल व मनोरे यांविषयी हा चित्रपट अवैज्ञानिक समज पसरवितो. चाहत्यांनी तिची यथेच्छ टर उडविली. कल्पित कथेला प्रतिज्ञापत्र समजून तिच्यावर तक्रार गुदरणे हास्यास्पद आहे, यात शंका नाही. तथापि मूळ शंका हसण्यावारी नेण्याजोगी नाही. मनोऱ्यांच्या पक्षी व मधमाश्यांवरील परिणामांचा अभ्यास करण्यास केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१० साली समिती नेमली होती, आणि तिने सावधगिरीची शिफारस केली होती, हे खरे. परंतु देशातील पक्ष्यांच्या स्थितीचा जो व्यापक अहवाल २०२० साली निघाला, त्यात चिमणीची संख्या एकंदर देशात स्थिर असल्याचे, मोठ्या शहरांत ती घटल्याचे आणि त्या घटीचे मुख्य कारण मोबाइलचे मनोरे असल्याच्या समजुतीस पुराव्याचा आधार नसल्याचे म्हटले आहे. घरट्याला वळचण उरली नाही, पिलांना भरवावयास किडे उरले नाहीत, ही कारणे अधिक संभवनीय. कौलारू घरे जाऊन काँक्रीटच्या भिंती आल्यावर चिमणीने खोपा कोठे करावा, हे माळव्यातील कोणत्याही गावात उघड्या डोळ्यांनी दिसते.

यावर चाहते म्हणतील : विज्ञानकथेत सारे खरे कुठे असते? आक्षेप रास्त आहे, आणि मराठी वाचकाला त्याची ओळख जुनी आहे. श्री. बा. रानड्यांच्या 'तारेचे हास्य'पासून (१९१५) पाहिले तरी आपली विज्ञानकथा शंभरी ओलांडून गेली. मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत १९७४ साली नारायण विनायक जगताप या टोपणनावाने आलेल्या 'कृष्णविवर' कथेचे लेखक जयंत नारळीकर होते, आणि तेव्हापासून २०२५ साली त्यांचे निधन होईपर्यंत आपल्याकडे विज्ञानकथेचा विचार मुख्यतः त्यांच्या भूमिकेला धरून वा तिला विरोध करून झाला. त्यांची अपेक्षा अशी की विज्ञानकथेतील विज्ञान उद्या खरे ठरू शकेल इतपत तरी शिस्तीचे असावे. ही अपेक्षा सर्वच कथांना लावणे आम्हांस कडक वाटते. एक अशक्य गोष्ट गृहीत धरण्याचा हक्क कथेला आहे. न. चिं. केळकरांनी १९२१ च्या बडोदे संमेलनात सविकल्प समाधीची कल्पना मांडली, ती येथे उपयोगी पडते. प्रेक्षक चिट्टीच्या जगात शिरतो, आणि आपण खुर्चीवर बसलो आहोत हेही विसरत नाही. यंत्र प्रेम करू शकते हे तो त्या समाधीपुरते मान्य करतो. पूर्वभाग त्याच्याकडून एवढेच मागतो, आणि मागितलेले इमानाने वापरतो.

'२.०' त्याच्याकडून दोन परस्परविरुद्ध गोष्टी मागतो. एकीकडे तो म्हणतो, मनोरे पाखरांना मारीत आहेत. हे समाधीच्या आतले विधान नव्हे, ते प्रेक्षकाच्या खिशातील मोबाइलविषयीचे, बाहेरच्या जगाविषयीचे आरोपपत्र आहे. दुसरीकडे तो तेजोवलये, धन व ऋण ऊर्जा, मृताच्या प्राणशक्तीचे मोबाइलांत शिरणे यांचे विज्ञानाच्या स्वरात निरूपण करतो. ज्याने आरोप केला त्याने पुराव्याच्या जगात उभे राहिले पाहिजे. ज्याने भुताची गोष्ट सांगितली त्याने ती भुताची म्हणून सांगितली असती तर आमची हरकत नव्हती. पण भुताला प्रयोगशाळेतला झगा चढवून त्याच्याच तोंडी आरोप ठेवला म्हणजे आरोपही पोकळ होतो आणि भूतही. सृष्टीच्या विनाशाचा मोठा प्रश्न हाती घेतल्याचे श्रेय दुसरा पक्ष या चित्रपटाला देतो. ते श्रेय हेतूचे आहे, सिद्धीचे नव्हे. नारळीकरांच्या 'वामन परत न आला'मध्ये बुद्धिमान यंत्र माणसाच्या हाती कोठवर राहील हा एकच प्रश्न आहे, आणि तो अखेरपर्यंत वाहवत नाही. मोठे प्रश्न दोन घेतले म्हणजे चित्रपट दुपटीने मोठा होत नाही.

येथे एका शब्दाविषयी थोडे विषयांतर करू. तमिळमध्ये नटाच्या चाहत्याला 'रसिगर' म्हणतात, आणि त्यांच्या मंडळांना 'रसिगर मन्रम'. शब्द आपलाच, संस्कृतातला 'रसिक'. मराठीत मात्र तो संगीतसभेच्या आणि काव्यवाचनाच्या निमंत्रणपत्रिकांत प्रतिष्ठेने बसला, आणि नटांच्या वाट्यास 'चाहते' आले. नटाच्या भव्य चित्राला दुधाचा अभिषेक करणारा तो रसिगर, आणि नाट्यगृहात मान डोलावणारा तो रसिक, अशी आपण वाटणी केली. ही वाटणी आम्हांस फारशी खरी वाटत नाही. ज्याला एखाद्या कृतीचे वेड नाही, तो तिच्या उत्तरभागाने दुखावतही नाही. आणि न दुखावणाऱ्याच्या निःपक्षपातीपणाला फारशी किंमत नाही. पूर्वभागाचा शेवट ज्यांनी मनात आठ वर्षे बाळगला, त्यांनीच '२.०'मधील उणीव प्रथम ओळखली, व्यवसायाने समीक्षा करणारांनी नव्हे. तेव्हा पक्ष बांधणे हा दोष नव्हे. शाहिरांनी पक्ष बांधूनच तत्त्वज्ञानाची चर्चा गावकुसापर्यंत नेली. दोष आहे तो प्रतिपक्षाचा सवाल कानांआड करण्यात.

आणि दोन्ही पक्षांनी एक सवाल एकमेकांना घातलाच नाही, याचे आम्हांस नवल वाटते. चित्रपटाच्या अखेरीस पक्षीराजनला जिंकणे साध्या बळाने शक्य होत नाही. तेव्हा चिट्टीची सूक्ष्म रूपे कबुतरांच्या पाठीवर स्वार होऊन येतात. पाखराला इजा होईल म्हणून पक्षीराजनचा हात थबकतो, आणि त्या थबकण्यातच त्याचा पराभव होतो. ज्या प्रेमापायी तो मेला, त्याच प्रेमाचा त्याच्याविरुद्ध ओलीस म्हणून उपयोग केला जातो, आणि हा उपयोग करणारे आपले नायक आहेत. पूर्वभागात लज्जा न कळणाऱ्या यंत्राच्या हातून एक मुलगी मेली, तेव्हा वसीकरन हादरला होता. येथे करुणा न कळणाऱ्या यंत्राने एका माणसाच्या करुणेचा सापळा केला, तरी कुणी हादरत नाही. प्रेक्षागृहात हशा पिकतो, कारण ती चिमुकली यंत्रे गोजिरवाणी आहेत. उत्तरभागाला हवे असलेले सारे या एका प्रसंगात होते. चिट्टीला येथे क्षणभर थांबविले असते, या विजयाकडे त्याला पाहावयास लावले असते, तर विचार करू लागल्याबद्दल मोडलेल्या त्या यंत्राचा प्रश्न पुन्हा जागा झाला असता, आणि पक्षीराजनची कथा चिट्टीच्या कथेला आतून जोडली गेली असती. तसे घडत नाही. पुढच्याच प्रसंगात वसीकरन मंत्रिमहोदयांना सांगतो की पक्षीराजनचे म्हणणे खरे होते, किरणोत्साराला मर्यादा घातली पाहिजे. आणि नीला व चिट्टी यांच्या लाडिक संवादाकडे कॅमेरा वळतो.